ट्रकची चावी वाकू नये, तुटू नये म्हणून : ड्रायव्हर आणि मालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सांगली-वाशी रस्त्यावर मी आधी क्लीनर होतो, मग चौदा वर्षं ड्रायव्हर. आता घरच्या तीन गाड्या आहेत. या काळात टायर फुटले, स्प्रिंगचे पाटे तुटले, क्लच प्लेट जळाली. पण सगळ्यात हतबल वाटलं ते चावी तुटल्यावर. टायर फुटला तर स्टेपनी असते आणि पाटा तुटला तर मिस्त्री सापडतो. चावी लॉकमध्ये तुटली की धडधाकट गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि आत भरलेला माल आपल्याकडं बघत बसतो. ओळखीचे ड्रायव्हर आणि नवे मालक मला या विषयावर जे विचारतात ते इथं एकत्र लिहून ठेवतो आहे.

चावी एवढी जाड दिसते, मग ती तुटते कशी?

जाड दिसतं ते प्लॅस्टिकचं डोकं. आतलं पातं दोन-तीन मिलिमीटरचं असतं आणि त्यावरही दात पाडलेले असतात. जिथं खाच खोल, तिथं धातू कमी. डोक्याजवळ खोल खाच असेल तर पातं बहुतेक वेळा तिथंच सोडतं, कारण पिळाचा सगळा जोर तिथं येतो.

सेंटरिंगची तार हातानं तोडताना आपण ती ओढत नाही, मागंपुढं वाकवत राहतो. चावीचंही तसंच होतं. लॉक जड झालं की बोटं डोकं फिरवतात, पातं आत अडून राहतं, आणि रोज केसाएवढा पीळ बसतो. आधी डोळ्याला न दिसणारी चीर पडते, मग ती वाढत जाते. म्हणून चावी तुटते त्या दिवशी ड्रायव्हर शपथेवर सांगतो की मी जोर लावलाच नव्हता. तो खरं बोलत असतो, कारण जोर आधीच्या तीन महिन्यांत लागलेला असतो.

चावी आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर सपाट ठेवून बघा. एका बाजूनं उजेड दिसला तर ती वाकलेली आहे. नख फिरवून बघा, खाचेच्या तळाशी रेघ लागते का. लागली तर ती चावी आजपासून बंद. ठोकून सरळ करू नका, सरळ करणं म्हणजे आणखी एकदा वाकवणंच.

तुमची चावी कशी तुटली होती?

मार्च महिना होता. द्राक्षाचे क्रेट भरून संध्याकाळी निघालो आणि कराडच्या पुढं चहाला थांबलो. परत येऊन चावी फिरवली, आणि डोकं माझ्या हातात, पातं लॉकमध्ये. त्याआधी कितीतरी दिवस लॉक जड लागत होतं. मी रोज स्वतःला सांगत होतो, ही खेप झाली की दाखवू. जुडग्यात डिझेल टाकीची चावी, पेटाऱ्याच्या दोन कुलपांच्या चाव्या, गोडाऊनची चावी, एक बाटली उघडायचा पत्रा आणि जेजुरीहून आणलेला पितळी टाक. नंतर किराणा दुकानात तो जुडगा काट्यावर ठेवला तर तीनशे ग्रॅमच्या वर भरला.

डुप्लिकेट घरी कपाटात होती. चावीवाला पहाटे मिळाला. वाशीत पोचलो तेव्हा सकाळचा बाजार उठून गेला होता. ज्यांचा माल होता त्या शेतकऱ्यानं मला एक शब्द सुनावला नाही. ते मला आजही खुपतं, कारण त्याची वर्षभराची मेहनत माझ्या "पुढच्या खेपेला बघू"पायी उन्हात तापली होती.

इग्निशनच्या चावीला किती वजन चालतं?

माझं उत्तर एकच आहे. त्या चावीला फक्त तीच चावी. फार तर एक हलकी कापडी पट्टी, म्हणजे ती शर्टाच्या खिशात लगेच हाताला लागते. बाकी सगळ्या चाव्यांचा दुसरा जुडगा करा. हल्ली दोन कड्या ओढून सुटणारं हूक मिळतं, तेही चालेल, पण गाडी चालू करण्याआधी दुसरी कडी काढायची सवय लागली तरच.

यामागचं कारण नुसतं वजन नाही, लोंबकळणं आहे. ट्रकच्या केबिनला जे हादरे बसतात ते कारला बसत नाहीत. खड्ड्यागणिक जुडगा वर उडतो आणि खाली आपटतो. त्या प्रत्येक झटक्यानं लॉकच्या आतल्या बारीक पितळी पट्ट्या घासतात. पट्ट्या झिजल्या की चावी अडकायला लागते, अडकली की आपण जोर लावतो, आणि मग वर सांगितलेला पीळ सुरू होतो.

जुडग्याचा धोका किती खोलवर जाऊ शकतो याचं जगात गाजलेलं उदाहरण कारचं आहे. जनरल मोटर्सनं, म्हणजे आपल्या तळेगावला जिचा कारखाना होता त्याच कंपनीनं, २०१४ मध्ये अमेरिका आणि इतर देशांतल्या सुमारे २६ लाख छोट्या कार परत बोलावल्या. त्यांच्या इग्निशन स्विचमध्ये चावीला जागेवर धरून ठेवणारा अटकाव कमजोर होता. जड जुडगा हिसकला किंवा गुडघा लागला की चावी आपोआप मागं सरकायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मानले गेले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनं लोकांना दिलेली सूचना एका ओळीची होती : कडीतून बाकी सगळं काढा, फक्त चावी ठेवा. त्याच वर्षी दुसऱ्या काही मोठ्या कारसाठी उपाय निघाला तो आणखी साधा. चावीच्या डोक्यावरच्या लांबट फटीऐवजी लहान गोल भोक. लांब फटीत कडी एका टोकाला सरकते आणि तिथून चावीला पिळते. गोल भोकात ती मध्यावर राहते.

तुमच्या चावीच्या डोक्याला लांब फट असेल तर कडी एका जागी राहील अशी बांधून घ्या. कामाला दोन मिनिटं लागतात.

देवाचा टाक किंवा लॉकेट काढायचं का?

काढून टाकायचं नाही, हलवायचं. माझा टाक आता डॅशबोर्डवरच्या देवाजवळ आहे. सकाळी उदबत्ती लावताना हात जोडतो तेव्हा तो समोर असतो. पूर्वी तो माझ्या गुडघ्याला लागत होता, आणि देवाला गुडघा लागावा हे मला तरी बरं वाटत नाही. लिंबू-मिरची, काळा गोंडा, पोरीनं हातानं केलेली लोकरीची फुलं, सगळ्याला केबिनमध्ये जागा आहे. फक्त ती जागा चावीवर नाही.

केबिनमध्ये चावीला धक्का नेमका कुठून बसतो?

पहिलं, चढता-उतरताना. ड्रायव्हर सीटवर वळतो आणि गुडघा किंवा मांडी चावीवर येते. हे होतं तेव्हा पातं आडवं वाकतं, आणि आडव्या वाकण्याला ते सगळ्यात कमी टिकतं. स्टेअरिंग कॉलमच्या उजव्या बाजूला लॉक असलेल्या गाड्यांत हे जास्त. उपाय असा की गाडी थांबली, हँडब्रेक ओढला, चावी काढून खिशात टाकली, मगच सीटवरून हलायचं.

दुसरं, झोपताना. पाय पसरले की चावीला लागतात. रात्री गाडी उभी केल्यावर चावी लॉकमध्ये ठेवून झोपणारे पुष्कळ आहेत.

तिसरं, चावीला खुंटी समजणं. ओला गमछा, डब्याची पिशवी, मोबाइलची वायर, मास्क, सगळं तिला अडकवलं जातं. केबिनमध्ये दोन रुपयांचे चार हूक मारा.

चौथं, चावीला हत्यार समजणं. दोरीची गाठ सोडवणं, डब्याचं झाकण उचकटणं, टायरच्या नक्षीत अडकलेला खडा काढणं, आणि कान कोरणं. शेवटचं चावीसाठी नाही, कानासाठी वाईट आहे. पडदा फाटलेला माणूस मी पाहिला आहे. बाकीच्या कामांनी चावीच्या दाताची कड बोथट होते.

पाचवं, वरून फेकणं. ड्रायव्हर केबिनमधून "घे रे" म्हणतो आणि चावी खाली काँक्रीटवर. जुन्या चावीचं फारसं बिघडत नसे. चिपच्या चावीचं बिघडतं.

आणि एक गोष्ट गॅरेजमधली. केबिन उचलायच्या आधी चावी काढून मिस्त्रीच्या हातात द्या. केबिन पुढं झुकते तेव्हा लटकता जुडगा कुठंही अडकून चावी मोडू शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खाली माणसाचा हात इंजिनात असताना वरून कुणी स्टार्टर मारू नये.

चालत्या गाडीत धक्क्यानं चावी बंद झाली तर?

जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला ओढायची तार असायची. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहायचं. आताच्या गाड्यांत इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, चावी बंद झाली की डिझेल बंद. स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीत आहे तेवढीच हवा उरते. म्हणून घाबरून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका, प्रत्येक वेळी हवा खर्च होते. पाय एकसारखा ठेवा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, गाडी डावीकडं घेऊन उभी करा, चाकाला ठोकळा लावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी लॉकमधून बाहेर काढू नका, कारण चावी बाहेर आली की स्टेअरिंग लॉक बसू शकतं.

याच कारणानं घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून चावी बंद करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो. खंबाटकी असो की बोरघाट, उतारावर इंजिनच तुमचा पहिला ब्रेक आहे. दहा-वीस रुपयांच्या डिझेलसाठी तो सोडू नका.

चावी फिरतच नाही. जोर लावू का?

नाही. आधी स्टेअरिंग बघा. गाडी चाकं वळवून उभी केली असेल, किंवा पुढचं चाक दगडाला टेकलं असेल, तर स्टेअरिंग लॉकच्या खिट्टीवर ताण असतो आणि चावी फिरत नाही. डाव्या हातानं स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थोडंथोडं हलवा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी चावी हलकेच फिरवा. दोनच बोटं, मूठ नको. मुठीनं किंवा पक्कडीनं फिरवायची वेळ आली म्हणजे चावी तुटायची वेळ आली. गाडी उभी करताना चाकं सरळ ठेवली तर ही अडचण सहसा येत नाही.

स्टेअरिंग मोकळं असूनही चावी अडते का? मग दुसरी, न वापरलेली चावी लावून बघा. ती सहज फिरली तर रोजची चावी झिजली आहे. तीही अडली तर लॉक झिजलं आहे किंवा आत धूळ आहे. एवढ्या एका तपासणीनं निम्मा खर्च वाचतो, कारण बरेचजण चावीचा दोष असताना अख्खा लॉक सेट बदलतात.

लॉकमध्ये तेल घातलं तर?

खोबरेल, इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल यातलं काहीच घालू नका. दोन दिवस लॉक लोण्यासारखं फिरतं, मग त्या तेलाला धूळ चिकटून आत चिखल होतो. ऊस, सिमेंट किंवा खडी वाहणाऱ्या गाड्यांत तर महिन्याभरात. लॉकला कोरडं वंगण लागतं, म्हणजे ग्रॅफाइटची पूड. ती नसेल तर शाळेची मऊ पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा, चावी चार-पाच वेळा आतबाहेर करा आणि पुसून घ्या. पेन्सिलीत ग्रॅफाइटच असतं. भरमसाट पूड मात्र ओतू नका. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि लॉकच्या मागं विजेचा स्विच असतो. पावसाळ्यात ओल्या हातानं चावी घालायच्या आधी ती शर्टाला पुसा, एवढंही पुरे.

चिपच्या चावीचं काय वेगळं?

डोक्यात वाटाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान चिप असते. गाडी तिला ओळखते, मगच इंजिन धरते. या चिपला स्वतःचा सेल नसतो, त्यामुळं चावी पॅन्टबरोबर धुतली गेली तरी बहुतेकदा वाचते. आपटण्यानं मात्र ती फुटते, किंवा डोक्याला तडा जाऊन निसटून पडते. मग चावी लॉकमध्ये सहज फिरते, स्टार्टरही मारतो, पण इंजिन धरत नाही किंवा धरून लगेच बंद पडतं. लोक डिझेल पंपात दोष शोधत बसतात. डोक्याला तडा दिसला की त्याच दिवशी चिकटपट्टी गुंडाळा आणि पहिल्या संधीला नवीन कव्हर बसवा. रिमोटची चावी असेल तर तिच्यात सेल असतो, ती पाण्यापासूनही जपायची.

डुप्लिकेट कुठून आणि कशावरून करायची?

इथं बहुतेकांची एकच चूक होते. पाच वर्षं वापरलेली चावी घेऊन चावीवाल्याकडं जातात. तो मशीनवर तिची हुबेहूब नक्कल काढतो, म्हणजे झिजेचीही नक्कल. नवी कोरी चावी पहिल्या दिवसापासून जड फिरते, आणि दोष चावीवाल्याला. नक्कल नेहमी न वापरलेल्या मूळ चावीवरून काढा. गाडीबरोबर चावीचा नंबर असलेला छोटा पत्रा किंवा कार्ड आलं असेल तर त्याचा फोटो घरी ठेवा. नंबरावरून मूळ मापाची चावी मिळू शकते.

मूळ दोन्ही चाव्या जपायच्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते, आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. माझी व्यवस्था अशी : एक मूळ चावी घरी आरसी बुकाच्या फायलीत, एक ड्रायव्हरकडं, आणि एक साधी नक्कल गाडीबाहेर पण गाडीजवळ, म्हणजे क्लीनरच्या बॅगेत. चिपच्या गाडीत साध्या नकलेनं इंजिन धरणार नाही, पण दार उघडेल. माझ्या त्या द्राक्षाच्या रात्री क्लीनरच्या बॅगेत दुसरी चावी असती, तरी तुटकं पातं काढावंच लागलं असतं. पण पातं मी काढू शकलो असतो. मला अडवलं ते चावी नसण्यानं.

चावी आत तुटली आहे. आत्ता काय करू?

आधी हात मागं घ्या. दुसरी चावी आत खुपसू नका, तुकडा आणखी आत जातो. फेविक्विक लावून डोकं चिकटवायचा प्रयत्न करू नका, लॉक कायमचं जातं.

गाडी रस्त्यात असेल तर हँडब्रेक, ठोकळा, इंडिकेटर, मागं त्रिकोण. मग लॉक कोणत्या जागी थांबलं आहे ते बघा. चावी ज्या जागी आत जाते त्याच जागी तुकडा बाहेर येतो. लॉक चालू स्थितीत अडकलं असेल तर बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं तुकड्यासकट हळूच बंद स्थितीत आणा. तुकडा आत असल्यानं पट्ट्या बरोबर बसलेल्या असतात, त्यामुळं लॉक फिरतं. इंजिन चालू असेल तर तेही असंच बंद होईल. त्यानंतर चिमट्यानं टोक धरता येतं का बघा. येत नसेल तर जिगसॉचं किंवा नक्षीकामाच्या करवतीचं बारीक पातं दात आपल्याकडं करून तुकड्याशेजारी सरकवा, थोडं वळवा आणि ओढा. दात तुकड्याला धरून आणतात. पाच-सात वेळा जमलं नाही तर थांबा आणि चावीवाल्याला बोलवा. त्याच्याकडं यासाठीच केलेले आकडे असतात.

दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते जोडून नंबर किंवा माप काढता येतं, आणि चिप डोक्यातच असते.

वायरी जोडून गाडी चालू करू देतो म्हणणारा कुणीतरी ढाब्यावर भेटतोच. नव्या गाडीत त्याला हात लावू देऊ नका. २४ व्होल्टच्या वायरिंगमध्ये चुकीची वायर जोडली की चावीचं काम हजारांतून लाखात जातं.

स्टार्टर मारल्यावर चावी आपोआप मागं येत नाही, चालेल का?

चालणार नाही. आतली स्प्रिंग थकली आहे किंवा पट्ट्या घासत आहेत. चावी पुढंच राहिली तर इंजिन चालू असताना स्टार्टर फिरत राहतो आणि जळतो, कधीकधी वायरिंगसकट. दुरुस्ती होईपर्यंत चावी हातानं मागं आणा आणि आणली की नाही हे प्रत्येक वेळी बघा.

पाच मिनिटांसाठी चावी लावून उतरलं तर?

चहाला, बिल्टीवर सही घ्यायला, टोलनाक्यावर चौकशीला, सगळीकडं पाच मिनिटंच असतात. चोरीचा धोका तर आहेच, विम्याचंही बघा. चावी गाडीत ठेवून चोरी झाली तर विमा कंपनी निष्काळजीपणाचं कारण देऊन दावा नाकारू शकते. २०२३ मध्ये अशाच एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीला दाव्याची ७५ टक्के रक्कम मालकाला द्यायला लावली. म्हणजे पंचवीस टक्के गेलेच, आणि बाकीच्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

चावी काढल्यावर बॅटरीचा मेन स्विच लगेच पाडायचा का?

बीएस-६ गाडीत दोन-तीन मिनिटं थांबा. या गाड्यांत धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, आणि चावी बंद झाल्यावरही त्याचा पंप पाइपमधला द्रव मागं टाकीत ओढत असतो. मधेच वीज तोडली तर तो पाइपमध्ये सुकून खडे धरतो.

मी मालक आहे. ड्रायव्हरनं चावी मोडली तर खर्च त्याच्या पगारातून कापू का?

मी एका ड्रायव्हरचा एकदा कापला होता, आणि ती माझी चूक होती. त्यानंतर वर्षभर मला कुणी लॉक जड झाल्याचं सांगितलंच नाही. पैसे कापले जातील म्हणून वाकलेली चावी ठोकून सरळ करून वापरत राहिले, आणि दुसरी चावी नागपूरजवळ तुटली. आता आमच्याकडं असं आहे : "लॉक जड लागतंय" म्हणून ड्रायव्हरचा फोन आला की खर्च माझा, आणि काम पुढच्या मुक्कामाला नाही, जिथं चावीवाला मिळेल तिथं लगेच. गेल्या दिवाळीला तिन्ही गाड्यांच्या जुडग्यातून इग्निशनची चावी मी स्वतः वेगळी केली आणि तिला लाल पट्टी बांधली. बाकीच्या चाव्या पेटाऱ्यात, खिळ्याला.